कच्चे मडके, पक्के मडके : गोदाकाठच्या कुंभारकामाच्या मूल्यमापनाचा प्रश्न

विषयप्रवेश

कुंभारकामाविषयी मराठीत झालेल्या लेखनाचा धांडोळा घेतला असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. मातीविषयी आपण भरभरून लिहितो, मडक्याविषयी क्वचितच. देहाचे, नश्वरतेचे, मायभूमीचे प्रतीक म्हणून माती संतवाङ्मयापासून आधुनिक कवितेपर्यंत सर्वत्र भेटते. मात्र ती माती कोणत्या तळ्यातली होती, तिच्यात लीद व राख किती मिसळली होती, भांड्याचा काठ चाकावर काढून पोट ठोकून वाढविले होते की सबंध भांडे चाकावरच उतरले होते, या प्रश्नांना आपल्या समीक्षेत स्थान नाही. चित्र, शिल्प, नाटक, संगीत यांच्यासाठी आपल्याजवळ परिभाषा आहे. माठासाठी ती नाही. माठाची रवानगी 'हस्तव्यवसाय' या सदरात केली की अभ्यासकाची जबाबदारी संपते आणि पुढचे काम जिल्हा उद्योग केंद्राकडे सोपविले जाते.

प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार करावयाचा आहे. परभणी जिल्ह्यातील पालम, गंगाखेड, पूर्णा हा गोदावरीच्या काठचा पट्टा, त्याला लागून असलेला नांदेड-लातूरचा भाग आणि दक्षिणेकडे थोडे दूर असलेले तेर ही या विचाराची भूमी आहे. लेखाचे स्वरूप सर्वेक्षणाचे नाही. कुंभाराने घडविलेल्या वस्तूला आपण कोणकोणत्या मापांनी मोजत आलो आणि त्या मापांत नेमके काय निसटले, एवढाच येथील प्रश्न आहे. हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही, हेही आरंभीच नमूद केले पाहिजे. एखाद्या कामाचे मोल आपण कोणत्या शब्दांत सांगतो यावर त्या कामाला कोणती मदत मिळते, कोणती मिळत नाही आणि शेवटी ते काम कोणत्या रूपात उरते, हे अवलंबून असते.

या भागातील वर्षाचे चक्र आजही कुंभाराच्या भांड्यांवाचून पुरे होत नाही. संक्रांतीला सुगडे लागतात. त्यांत हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, गाजर, बोरे, तीळ भरून वाण दिले जाते. वेळ अमावास्येला आंबिलीचे बिंदगे डोक्यावर घेऊन कुटुंबे शेताकडे निघतात. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावे करा-केळी भरली जाते, पोळ्याला मातीचे बैल लागतात, नवरात्रात घट बसतो. लग्नातील मातीची भांडी कुंभाराच्या घरून वाजतगाजत आणण्याची रीत अनेक गावांत आहे. आणि अखेरीस चितेभोवती फिरविले जाणारे, खांद्यावरून मागे टाकून फोडले जाणारे मडकेही त्याच्याच चाकावरचे असते. माणसाच्या आयुष्यातील इतक्या महत्त्वाच्या क्षणी हाताशी असणाऱ्या या वस्तूविषयी अभ्यासकांजवळ चांगले आणि वाईट सांगणारे दोन शब्द असू नयेत, हे आश्चर्यकारक आहे.

थापटण्याचा अर्थ

मराठी मनातील कुंभाराची प्रतिमा संत गोरोबाकाकांनी घडविली. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे त्यांचे गाव. परंपरेने त्यांचा जन्म इ. स. १२६७ व समाधी इ. स. १३१७ अशी सांगितली जाते. त्यांच्या चरित्रातील दोन प्रसंग सर्वांना ठाऊक आहेत. भजनात तल्लीन होऊन चिखल तुडविताना मूल पायाखाली आले, हा पहिला. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईच्या सूचनेवरून त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके थोपटून पाहिले आणि नामदेवांनी तक्रार करताच 'हे मडके कच्चे' असा निर्णय दिला, हा दुसरा.

कीर्तनकारांनी आणि पुढे अभ्यासकांनीही हा दुसरा प्रसंग गुरूवाचून ज्ञान नाही या तत्त्वाचे रूपक म्हणून वाचला. नामदेव त्यानंतर विसोबा खेचरांकडे गेले, ही कथेची पुढची पायरी पाहता ते वाचन चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु कुंभाराच्या ओसरीवर बसून हीच कथा पुन्हा ऐकली तर तिच्यात आणखी काही ऐकू येते. थापटणे हे मुळात पक्के मडके तपासण्याचे साधन नव्हे. भाजलेले भांडे तपासायचे तर कुंभार बोटाच्या पेराने टिचकी मारतो. लाकडी थापटण्याचा प्रहार भाजलेल्या माठाला सोसणार नाही. थापटणे चालते ते कच्च्या भांड्यावरच.

हे समजण्यासाठी दख्खनमधील मोठ्या भांड्याची रीत पाहिली पाहिजे. माठ, डेरा, रांजण ही भांडी चाकावर पूर्ण होत नाहीत. चाकावर निघतो तो रेखीव काठ, गळा आणि जाड भिंतीचा खालचा भाग. हे भांडे सावलीत ठेवून ओले नाही आणि वाळलेलेही नाही अशा अवस्थेत येऊ दिले जाते. मग कुंभार डाव्या हाताने आतून दगडाचा किंवा भाजलेल्या मातीचा गोळा धरतो आणि उजव्या हातातील थापटण्याने बाहेरून ठोके देत जातो. प्रत्येक ठोक्यागणिक भिंत थोडी पातळ होते, पोट थोडे वाढते आणि तळ गोलाकार मिटत जातो. आतल्या गोळ्याचा आधार चुकला तर भांडे फाटते, बाहेरचा ठोका हलका पडला तर भिंत जाड राहते. मधून भांडे पुन्हा सुकू द्यावे लागते, पुन्हा ठोकावे लागते. एका मोठ्या डेऱ्याला या क्रमाने दोन-तीन वेळा तरी हाताखालून जावे लागते.

आता कथेकडे परत येऊ. गोरोबांच्या हाती थापटणे आहे, याचा अर्थ समोरची सर्व डोकी घडविली जात असलेली भांडी आहेत. 'कच्चे' हा शब्द आपण दोषवाचक समजतो. कुंभाराच्या व्यवहारात मात्र ती एक अवस्था आहे, आणि तीच अवस्था भांड्याचा आकार ठरविते. पक्क्या मडक्याचे आता काहीच करता येत नाही. ते वापरता येते किंवा फोडता येते. कच्च्याला अजून वाढता येते. नामदेवांवर पडलेला ठोका या दृष्टीने परीक्षेचा जितका, तितकाच घडणीचाही ठरतो. रूपकाच्या मुळाशी असलेला व्यवसाय नजरेआड केल्यामुळे रूपकाचाच अर्धा अर्थ आपण गमावला, असे म्हणावेसे वाटते. पालमच्या शेजारचे गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मगाव. दळण-कांडणाचे तपशील ठाऊक असल्यावाचून जनाबाईंचे अभंग वाचता येत नाहीत, हे आता सर्वमान्य आहे. गोरोबांच्या बाबतीत तो न्याय आपण लावला नाही.

बाजारातील समीक्षा

समीक्षेची परिभाषा नाही असे वर म्हटले ते विद्यापीठीय समीक्षेपुरते. आठवडी बाजारात ती आहे आणि ती बहुतांशी स्त्रियांच्या हाती आहे. माठ घेणारी बाई प्रथम तो उचलून वजन पाहते. नंतर टिचकी मारून नाद ऐकते. खणखणीत वाजला तर भाजणी नीट झाली, बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे किंवा आवा मध्येच थंडावला. उजेडाकडे धरून आत डोकावते. काठावरून बोट फिरविते. पृष्ठभागावरचा काळा डाग पाहून तो धुराचा की कच्चेपणाचा हे ठरविते. घरी नेल्यावर पहिले पाणी टाकून देते, दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यानंतर मातीचा वास किती राहिला आणि बाहेरून घाम किती फुटला यावर आपले अंतिम मत बनविते आणि पुढल्या उन्हाळ्यात त्याच कुंभाराकडे जायचे की नाही हे त्या मतावरून ठरते.

या निकषांमागे वस्तूचे शास्त्र आहे. उघड्या आव्यात भांडी साधारणतः ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली जातात. या उष्णतेत माती दगडासारखी होते, पण काचेसारखी वितळून मिटत नाही; तिची सूक्ष्म छिद्रे उघडी राहतात. त्यांतून पाझरलेले पाणी वाऱ्यावर वाफ होऊन जाते आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मिसळलेली लीद व भुसा भाजताना जळून जातात आणि मागे आणखी पोकळ्या ठेवतात. म्हणजे माठाचा गुण त्याच्या अपुरेपणात आहे. त्याला चकचकीत झिलई दिली तर तो पाझरणार नाही आणि पाणी गारही होणार नाही. शहरातील प्रदर्शनांत झिलईचे सुंदर 'मटके' मांडलेले दिसतात. ते फुलदाणी म्हणून उत्तम असतील. माठ म्हणून ते नापास आहेत आणि हा निर्णय देण्याचा अधिकार पालमच्या बाजारातील कोणत्याही गृहिणीला आहे.

मराठवाड्याच्या कुंभाराची अडचण त्याच्या भूमीतूनच सुरू होते. कपाशीची काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. निव्वळ या मातीचे भांडे सावलीतही तडकेल. म्हणून नदीचा, ओढ्याचा, तळ्याचा गाळ शोधावा लागतो, दोन प्रकारच्या माती एकत्र कराव्या लागतात, त्यांत राख आणि लीद घालून आकसणे आवरावे लागते. हे प्रमाण कोणत्याही पुस्तकात नाही. ते गावागणिक बदलते, कारण गाळ गावागणिक बदलतो. सरपणाचेही तसेच. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या, लाकूड यांतील काय किती वेळ जळते आणि आवा केव्हा झाकायचा, हे ज्ञान हातात आणि डोळ्यांत असते. धूर कोंडून भाजले तर भांडे काळे निघते, हवा खेळती ठेवली तर लाल. एकाच मातीची ही दोन रूपे.

खापर, जात आणि भांडे

ज्या एका विद्याशाखेने मडक्याला गंभीरपणे घेतले ती पुरातत्त्वविद्या. १९५०-५१ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जोर्वे येथे उत्खनन झाले आणि तेथील लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाची नक्षी असलेल्या भांड्यांवरून महाराष्ट्रातील एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. तेथे कुंभाराची भट्टी सापडली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली बालके सापडली, आणि चार पायांच्या एका विलक्षण भांड्यात केलेले एका प्रौढाचे दफनही सापडले. तीन हजार वर्षांपूर्वी या भूमीत मडके हे जन्ममृत्यूच्या इतके निकट होते. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले शासकीय संग्रहालय सातवाहनकालीन मृण्मय वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. ज्या गावाने गोरोबाकाका दिले तेच गाव 'तगर' या नावाने प्राचीन व्यापाराच्या नोंदींत आहे, हा योगायोग सुखद आहे.

पण पुरातत्त्वज्ञाचे भांड्याकडे पाहणे कालनिश्चितीसाठी असते. भांडे फुटल्यावरच ते त्याच्या हाती येते, आणि घडविणारा केव्हाच गेलेला असतो. जिवंत कुंभाराकडे वळलेल्या अभ्यासकांनी मात्र भांड्याऐवजी जात पाहिली. हैदराबाद संस्थानातील जातीजमातींवरचा सय्यद सिराज-उल-हसन यांचा ग्रंथ १९२० चा. मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता. या प्रकारच्या ग्रंथांत पोटजाती, लग्नविधी, सुतक, देवके यांना जेवढी पाने मिळतात तेवढ्या ओळीही चाकाला मिळत नाहीत. त्र्यं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाची दृष्टी निराळी, अधिक रोखठोक आहे. बलुत्याच्या ओळींत कुंभार दुसऱ्या ओळीचा मानकरी. आत्र्यांना बलुतेदारी ही कामाचा दर्जा आणि दाम यांची सांगड तोडणारी व्यवस्था वाटते. त्यांचे सगळे निष्कर्ष मान्य करण्याचे कारण नाही. पण बलुत्याच्या धान्यात मडक्याची किंमत बुडून जाते, चांगल्या मडक्याला वेगळे दाम मिळत नाही, हे या व्यवस्थेचे व्यंग खरेच आहे. आज सुगडांच्या जोडीसाठी घासाघीस करणाऱ्या सुशिक्षित ग्राहकाच्या मनात बलुत्याचा तोच हिशेब शिल्लक असतो.

या सर्वांत एक सन्माननीय अपवाद इरावती कर्वे यांचा. 'हिंदू सोसायटी : अ‍ॅन इंटरप्रिटेशन' (१९६१) या ग्रंथात जातिसमूहाची कल्पना मांडताना त्यांनी महाराष्ट्रातील कुंभारांचेच उदाहरण घेतले. 'कुंभार' या एका नावाखाली वावरणारे गट परस्परांत विवाह करीत नाहीत, त्यांचे प्रदेश वेगळे आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यांची चाके व घडविण्याच्या रीती वेगळ्या आहेत. एका मूळ जातीचे तुकडे होऊन हे गट झाले नसून मुळात वेगळे असलेले गट एका धंद्याच्या नावाखाली एकत्र मोजले गेले, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा सिद्धान्त पुढे वादाचा विषय झाला. आपल्यासाठी त्यातील पद्धत महत्त्वाची आहे. येथे तंत्र हा पुरावा आहे. पुढे १९६६ साली भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षणाने बैद्यनाथ सरस्वती व बेहुरा यांचे ग्रामीण भारतातील मृद्भांड-तंत्रांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा ही दिशा अधिक स्पष्ट झाली. मराठी विभागांतून तिचा पाठपुरावा झाला नाही. बोलीभाषांचे नकाशे आपण काढतो, थापटण्यांचे काढले नाहीत.

कलेचा शिक्का

मातीकामाला 'कला' म्हणण्याची सोय महाराष्ट्रात दीडशे वर्षे जुनी आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात कुंभारकामाची कार्यशाळा सुरू केली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील आकृत्या झिलईच्या भांड्यांवर उतरविल्या गेल्या आणि ही भांडी परदेशी प्रदर्शनांत गाजली. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती आजही पाहता येतात. ती देखणी आहेत यात शंका नाही. परंतु मराठवाड्याच्या दृष्टीने पाहता त्यात एक विसंगती आहे. अजिंठा आपल्या प्रदेशातला, पण तेथील चित्रे ज्या भांड्यांवर गेली त्यांचे आकार आणि झिलई आपल्या कुंभाराची नव्हती. येथला माठ त्या कलेच्या बाहेरच राहिला. भांडे हे चित्र काढण्याचे फलक ठरले की त्याची भिंत, नाद, पाझर हे गुण गौण होतात.

आपल्या काळातील उदाहरण ब्रह्मदेव राम पंडित यांचे. बिहारमधील पारंपरिक कुंभार कुटुंबातून आलेल्या आणि मुंबईजवळ भाईंदर येथे काम उभे केलेल्या पंडित यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. झिलई आणि उच्च तापमानाची भाजणी यांवर त्यांनी मिळविलेले प्रभुत्व वादातीत आहे. त्यांच्या कार्याचे मोल तसूभरही कमी न करता एक प्रश्न मात्र विचारावासा वाटतो. कुंभाराच्या घरी जन्मलेल्या माणसाला नाव मिळाले ते झिलईच्या भांड्यासाठी, दालनातील मांडणीसाठी. जो माठच करीत राहिला त्याला ते मिळण्याचा मार्ग आपल्या व्यवस्थेत आहे काय? सुगडाच्या तळाशी कोणाची सही नसते आणि ती असावी असेही कोणाला वाटत नाही.

नावाचा प्रश्न : एक दूरचे उदाहरण

या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेच्या नैऋत्येकडील नावाहो (त्यांच्या भाषेत 'दिने') समाजाच्या कुंभारकामाचा इतिहास उद्बोधक ठरतो. त्यांची भांडी चाकावर होत नाहीत. मातीच्या वळ्या एकावर एक रचून ती घडवितात आणि उघड्या जाळात भाजतात. गरम असतानाच भांड्याला पिन्योन वृक्षाची राळ फासतात. त्यामुळे भांडे पाणी धरते आणि त्याला तपकिरी चमक येते. काठाखाली 'बियो' नावाची मातीची एक गोफासारखी पट्टी असते आणि ती एका ठिकाणी मुद्दाम तुटलेली ठेवतात. भांडी घडविण्याविषयी अनेक निषेध पाळले जात. काही भांडी धार्मिक विधींत, तर काही तोंडावर कातडे ताणून ढोल म्हणून वापरली जात.

१८८० च्या दशकात रेल्वे आली. व्यापाऱ्यांच्या ठाण्यांतून पत्र्याची व कल्हईची भांडी घरोघर पोचली आणि रोजच्या वापरातील मातीची भांडी मागे पडली. आपल्याकडे प्रथम पितळ, मग जर्मन, मग स्टील आणि शेवटी प्लॅस्टिकने जे केले त्याचीच ही आवृत्ती. शेजारच्या प्वेब्लो समाजांची रंगीत नक्षीदार भांडी संग्राहकांनी उचलून धरली; नावाहोंची साधी तपकिरी भांडी मात्र विकण्यायोग्य समजली गेली नाहीत. नक्षी हा एकच निकष लावल्यामुळे राळेची चमक आणि घडणीचा संयम कोणाला दिसला नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर चित्र बदलले. ॲरिझोनातील शोंटो-काऊ स्प्रिंग्ज परिसरात बिल बीव्हर या व्यापाऱ्याने ही भांडी विकत घेण्यास सुरुवात केली, अधिक मागितली. रोझ विल्यम्स यांनी मोठी भांडी घडविली आणि आपल्या मुलींना विद्या दिली. त्यांतील ॲलिस क्लिंग यांनी गारगोटीने घोटून इतका गुळगुळीत पृष्ठभाग साधला की संग्रहालयांनी त्यांची नावानिशी दखल घेतली. सायलस व बर्था क्लॉ या दांपत्याने भांड्यांवर निवडुंग आणि प्राणी मातीतून उठविले. क्रिस्टीन मॅकहॉर्स (१९४८–२०२१) यांनी अभ्रकयुक्त मातीतून काळ्या, पोकळ, शिल्पवत आकृती घडविल्या. हे तंत्र त्या टाओस प्वेब्लो येथे पतीच्या आजीकडून शिकल्या होत्या.

या इतिहासातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की येथे घडविणारीला नाव मिळाले आणि ते प्रामुख्याने स्त्रियांना मिळाले. आपल्याकडे कुंभाराची बाई माती चाळते, भिजविते, मळते, भांडी वाळत घालते, रंगविते, आवा रचते, बाजारात बसून विकते. चाकाला मात्र तिने हात लावू नये असा दंडक बहुतेक ठिकाणी राहिला. चाक म्हणजे कुंभारकाम अशी व्याख्या एकदा झाली की तिचे निम्म्याहून अधिक श्रम 'मदत' ठरतात. शासकीय नोंदीत ती गृहिणी असते. दुसरी गोष्ट कमी सुखद आहे. नावाहो भांड्यांचा पुनर्जन्म ग्राहकाच्या मागणीतून झाला आणि तो ग्राहक त्या समाजाबाहेरचा होता. भांडे पाणी भरण्यासाठी नव्हे, कपाटात ठेवण्यासाठी होऊ लागले. पालमच्या कुंभाराजवळ अजून एक गोष्ट आहे जी त्या भांड्यांनी गमावली होती. त्याचे ग्राहक त्याच्याच गावचे आहेत आणि त्याचे भांडे अजून वापरले जाते. ग्राहक कमी झाले, पण नाहीसे झालेले नाहीत. नावाच्या मोबदल्यात वापर गेला तर तो सौदा तोट्याचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विजेचे चाक

कुंभारकामाकडे पाहण्याचे चौथे माप शासनाचे, आणि ते रोजगाराचे आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कुंभार सशक्तीकरण योजनेखाली ऑक्टोबर २०२० मध्ये नांदेड आणि परभणी या दोन जिल्ह्यांतील प्रशिक्षित कुंभार कुटुंबांना विजेवर चालणारी १०० चाके देण्यात आली. ही कुटुंबे १५ गावांतील होती; १० नांदेडची, ५ परभणीची. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांतही कुंभार आहे. मातीकलेसाठी गोरोबाकाकांच्या नावाने राज्याचे मंडळही स्थापन झाले. या प्रयत्नांची हेटाळणी करणे अन्यायाचे होईल. काठीने चाक फिरवून, वाकून, तासन्‌तास बसणाऱ्या माणसाच्या कमरेला विजेचे चाक म्हणजे काय हे त्यालाच ठाऊक. माती मळण्याच्या यंत्राने तर चिखल तुडविण्याचे, म्हणजे गोरोबांच्याच कथेतले, कष्ट वाचतात. विजेच्या चाकावर बसण्यास स्त्रियांनाही संकोच वाटत नाही, कारण जुने निषेध जुन्या चाकाला चिकटलेले होते. यंत्राने रूढी मोडल्याचे हे उदाहरण समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासण्यासारखे आहे.

तरीही या योजनेत कुंभारकामाचे एक विशिष्ट वाचन गृहीत धरलेले आहे आणि ते अपुरे आहे. चाकाची गती वाढली की उत्पादन वाढते, हे पणती, कुल्हड, बोळकी यांबाबत खरे आहे, कारण ही भांडी एका मोठ्या गोळ्यावरून चाकावरच एकामागून एक उतरतात. माठ आणि डेरा यांचे तसे नाही. त्यांचा वेळ थापटण्यात, मध्ये सुकू देण्यात आणि भाजणीत जातो. तेथे चाक दुप्पट वेगाने फिरले तरी थापटणे दुप्पट वेगाने चालत नाही. परिणामी यंत्राचा कल आपोआप लहान, एकसारख्या, मोसमी वस्तूंकडे राहतो. २००४ मध्ये रेल्वेस्थानकांवर कुल्हड आणण्याची घोषणा झाली होती, २०२० मध्येही झाली. कुल्हड हे उत्तरेच्या चहाच्या संस्कृतीचे भांडे. मराठवाड्यातील कुंभाराने ते करू नये असे नाही, परंतु त्याची ओळख ज्या भांड्यावर उभी आहे ते भांडे कोणत्याच योजनेच्या यादीत ठळकपणे नसावे, हे खटकते.

खरी टंचाई चाकाची नव्हतीच. टंचाई आहे गाळाची, सरपणाची आणि आव्यासाठी जागेची. गाळ काढण्यास परंपरागत कुंभारांना गौण खनिजांच्या नियमांत सवलत आहे. पण ज्या तळ्याचा गाळ चांगला ते तळे बुजले किंवा त्याचा गाळ शेतात टाकण्यासाठी गेला, तर सवलतीचा कागद काय करणार? गावठाण वाढल्यामुळे आवा वस्तीच्या मध्ये आला आणि धुराची तक्रार होऊ लागली. कपाशीच्या पऱ्हाट्या शेतातच यंत्राने बारीक होऊ लागल्या. वीटभट्टीत मात्र हीच माती, हेच सरपण, हेच हात अधिक दाम देतात, म्हणून अनेक कुंभार कुटुंबे विटांकडे वळली. विटेला टिचकी मारून कोणी घेत नाही.

संक्रांतीच्या आठवड्यात मराठवाड्यातील बाजारांत आता दोन प्रकारची सुगडे दिसतात. एक साच्यातली, ट्रकने बाहेरून आलेली, सगळी सारखी, वरून तेलरंग दिलेली. दुसरी चाकावरची, बुडाला दोऱ्याने कापल्याची गोल रेघ असलेली, एकेक किंचित वेगळी. वाणाच्या ताटात रंगीत सुगड शोभून दिसते आणि ते खपते. चाकावरचे सुगड घेणाऱ्या बहुधा वयस्क स्त्रिया असतात. सण झाल्यावर त्यात मीठ, तीळ किंवा घरचे बी ठेवता येते हे त्यांना माहीत असते; तेलरंगाच्या सुगडाला आतल्या जिनसाचा वास लागतो, अशी त्यांची तक्रार असते. दोन्हींच्या दरांत फारसा फरक नसतो, आणि दिवस मावळताना चाकावरची उरलेली सुगडे कडब्यात गुंडाळून पुन्हा टोपल्यात भरली जातात, कारण रथसप्तमीपर्यंत वाण चालते आणि तोवर आणखी दोन-तीन बाजार मिळतात.